भिजवलेला चेंडू

"पुसू नका म्हणून सांगितलं ना?"

पिठाचे हात तसेच घेऊन मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. तोवर त्या कॅमेरेवाल्याने अप्पांच्या कपाळावरची निम्मी विभूती ओल्या कागदाने पुसून टाकली होती. अप्पा खुर्चीत मान वर करून, डोळे मिटून बसले होते. न्हाव्यापुढे बसावं तसे.

"मॅडम, भस्म लाइटमध्ये लई चमकतंय," तो म्हणाला. "आणि टेंगूळ दिसायला पाहिजे की. अभिमन्यूदादांनी सांगितलंय, आधी टेंगळाचा क्लोज-अप घ्या, मग मैदानावर हेडर मारतानाचा. दोन्ही जोडून रील करायचंय."

"कसला हेडर?"

त्याने माझ्या भावाकडे पाहिलं. माझा भाऊ बसवेश सोफ्यावर बसून छताचा पंखा न्याहाळत होता. लहानपणी काचेची बरणी फोडली तेव्हाही तो असाच पंखा न्याहाळत बसला होता.

"बसवेश, कसला हेडर?"

"काय न्हाय गं अक्का. एकच. हळूच टाकतील चेंडू. आताचे चेंडू लई हलके असतेत."

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलास?"

"एकानं काय हुतंय?"

"एकानं काय हुतंय, हे ह्या घरात जन्मभर ऐकलंय मी. आणि काय हुतंय ते समोर खुर्चीत बसलंय, बघ."

अप्पांनी डोळे उघडून आम्हा दोघांकडे पाहिलं. घरात कोणाचं तरी भांडण चाललंय, आपण पाहुणे आहोत, बोलणं बरं नव्हे, असा चेहरा करून त्यांनी ते पुन्हा मिटले.

आमचे अप्पा, म्हणजे ईश्वरप्पा कलशेट्टी, एकेकाळी गिरणीच्या फुटबॉल टीमचे सेंटर फॉरवर्ड होते. गिरणी बंद पडून जमाना झाला. मैदानावर बिल्डिंगी उठल्या आणि कोपऱ्यात जो तुकडा उरला होता त्यावर अभिमन्यू नावाच्या होतकरू पुढाऱ्याने प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरून 'टर्फ' काढलं. त्याचं आज संध्याकाळी उद्घाटन होतं. उद्घाटनाला मुंबईहून साहेब येणार होते, आणि शोभेला एक जुना खेळाडू हवा होता. गिरणीच्या टीममधले बाकीचे कधीच मातीआड झालेले. राहिले अप्पा. इतकी वर्षं हा माणूस बाळीवेशीतून काठी टेकत जायचा तेव्हा कुणी मान वळवून पाहिलं नाही, आणि आता हे वरातीमागून घोडं.

तरी सत्काराला मी नाही म्हटलं नव्हतं. शाल पांघरा, नारळ द्या, फोटो काढा. बसवेशला हौस होती. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यामागे अप्पांचा टीमसोबतचा फोटो लावलेला असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बोट ठेवून दाखवतो. त्याची माया खोटी नाही. पण मायेला डोकं असावं लागतं.

"त्या अभिमन्यूला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने लावला. फोनमधून मोठा, गोड आवाज आला, "अहो, ताईंना म्हणावं निर्धास्त राहा. हेडर कॅन्सल! अप्पा आमचं दैवत हायेत."

मी हात धुतले आणि विभूतीची गोळी ओली करून अप्पांच्या कपाळावर पुन्हा तीन बोटं ओढली. भुवयांच्या वर बोटांना ते टेंगूळ लागलं, आंब्याच्या कोयीसारखं टणक. अप्पा माझ्याकडे बघत होते.

"तुमी कुणाच्या, बाई?"

"तुमचीच की, अप्पा. शिवलीला."

"बरं, बरं," ते म्हणाले. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून माणूस म्हणतो तसं.

ह्या टेंगळाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आज सगळं गाव त्याचं कौतुक करायला निघालं होतं.

गिरणीच्या मालकांना मुंबईच्या गिरण्यांसारखी आपलीही फुटबॉल टीम असावी असं वाटलं, तेव्हा सोलापुरात फुटबॉल शिकवणारा कोण मिळणार? मग तालमीतल्या सिद्धराम वस्तादांना बोलावलं. वस्तादांना कुस्ती येत होती. आखाड्यातला न्याय सरळ असतो: जड मुद्गल फिरवलं की समोरचा गडी हलका लागतो. वस्तादांनी तोच न्याय चेंडूला लावला. तेव्हा चेंडू जाड चामड्याचे, फुगा आत घालून तोंड वादीने शिवलेले. वस्ताद ते रात्री रंगखात्याच्या हौदात टाकून ठेवायचे. सकाळी पाणी पिऊन जड झालेले चेंडू काढायचे, हौदाच्या कठड्यावर उभं राहायचं आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्या डोक्यावर एकेक फेकायचा. भिजलेला चेंडू झेलला की मॅचचा चेंडू फुलासारखा लागेल, हा हिशेब.

लहानपणी अव्वाबरोबर, म्हणजे आईबरोबर, अप्पांची भाकरी घेऊन मी मैदानावर जायची, तेव्हा तो आवाज मी ऐकलाय. धोब्याने ओलं धोतर दगडावर आपटावं, तसा. आणि वस्ताद ओरडायचे, "मान ताठ! डोळं उगड! कान मोडल्याबिगर पैलवान न्हाय, आन टेंगूळ आल्याबिगर हेडर न्हाय!"

अप्पांना सगळ्यात आधी टेंगूळ आलं. वादीने कपाळ फाटायचं, वस्ताद स्वतः हळद भरायचे. मिरज, हुबळी, कोल्हापूर, पुण्यापर्यंत अप्पांचं नाव झालं. कॉर्नरचा चेंडू हवेत चढला की लोक आधीच उभे राहायचे म्हणे. पैलवान मोडलेले कान मिरवतो, तसं अप्पांनी ते टेंगूळ मिरवलं. फोटो काढताना टोपी मागे सारायचे.

कधी कधी सरावावरून आले की भिंतीला धरून ओकायचे. उजेड नको म्हणून डोक्यावर चादर घेऊन पडायचे. अव्वा म्हणायची, पित्त झालंय. लिंबू पिळून साखरपाणी द्यायची. एकदा मैदानावरच शुद्ध गेली, तेव्हा वस्तादांनी त्यांना खांद्यावर टाकून घरी आणलं आणि शुद्ध येईपर्यंत पायाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचं तूप पाठवलं. तूप खाऊन अप्पा परत हौदाखाली उभे.

पुढे गुडघे गेले, तशी टीममधली जागाही गेली. सूतखात्यात मशिनीवर उभे राहिले. गिरणी बंद पडल्यावर एका मंगल कार्यालयाच्या दारात वॉचमन झाले. तिथे कधी लग्नघरची पोरं चेंडू खेळताना दिसली की अप्पा काठी बाजूला ठेवायचे आणि डोक्याने चेंडू परत पाठवायचे. आई-बाप टाळ्या वाजवायचे.

मग एक दिवस दुधाला म्हणून बाहेर पडले आणि अक्कलकोट नाक्यावर सापडले. त्यानंतर हळूहळू सगळंच सुटत गेलं. रस्ते, नावं, वार. सगळ्यात वाईट म्हणजे स्वभाव. ज्या माणसाने जन्मात अव्वाला वाकडा शब्द ऐकवला नाही, त्याने तिच्या अंगावर ताट फेकलं. "ही कोण बाई घरात शिरलीय?" म्हणून ओरडायला लागले. अव्वा न्हाणीत जाऊन रडायची. मला विचारायची, "शिवा, माजं काय चुकलं गं?" अव्वा तशीच गेली. आपण काहीतरी चूक केली आणि नवरा आपल्यावर उलटला, हे मनात घेऊन गेली. ह्याचा राग मी कुणावर काढू?

अव्वा गेल्यावर अप्पांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूचे फोटो लावून पाहिले आणि विचारलं, "कपाळावर हे काय आहे?" मी ते हौदाचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज थोडा फुगलाच असेल, लहानपणापासून अभिमानाने सांगायची सवय. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"शंभर टक्के सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण इंग्लंडमध्ये त्याच काळातल्या, तसलेच जड चेंडू डोक्याने मारलेल्या किती तरी खेळाडूंना म्हातारपणी हे झालंय. आता तिथे लहान मुलांना सरावात हेडर मारू देत नाहीत. ह्यांच्या डोक्याला इथून पुढे साधी टपलीही लागू देऊ नका."

मी घरी आले आणि देवघरातल्या अव्वाच्या फोटोपुढे उभी राहून सांगितलं, अव्वा, तुझं काही चुकलं नव्हतं. फोटोला सांगून काय होतंय? शेजारी बसवेशने हात जोडून त्या फोटोला शब्द दिला, अप्पांच्या डोक्याला आता काही लागू देणार नाही.

वस्ताद वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ते चुकले ते मायेने चुकले, आणि तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज ज्यांच्या खिशातल्या फोनवर सगळ्या जगाची अक्कल भरलेली आहे, त्यांनी तेच करावं आणि वर त्याला मान म्हणावं?

संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा मांडव भरला होता. अभिमन्यूने अप्पांचे पाय धरले. धरताना कॅमेरा कुठे आहे ते बघून घेतलं. मग अप्पांना फेटा बांधला आणि स्टेजवर पहिल्या रांगेत बसवलं. शेजारची खुर्ची साहेबांची. साहेब यायचे होते.

साहेब यायचे होते म्हणजे किती यायचे होते, ते सोलापूरकराला सांगायला नको. दिवे लागले, लहान मुलं टी-शर्ट घालून रांगेत उभी राहून थकली, लाउडस्पीकरवरची गाणी पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. अप्पांना लघवीला जायचं होतं. मी स्टेजवर चढून त्यांना उठवायला लागले तर एक कार्यकर्ता म्हणाला, "बाई, खुर्ची रिकामी दिसायला नको. साहेब कुठल्याही क्षणी येलालेत." मी सगळा जन्म चौथीच्या वर्गावर ओरडण्यात घालवलाय. त्याच्याकडे मी फक्त बघितलं, तो बाजूला झाला.

परत येताना अप्पा थांबले. मैदानाच्या कडेला चेंडूंची जाळी पडली होती, तिच्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "बाई, चेंडू भिजवल्यात का?"

"न्हाय, अप्पा. कोरडे हायेत."

"मग काय उपेग?" ते नाराज होऊन म्हणाले.

शेवटी साहेब आले. हार झाले, शाल झाली, नारळ झाला. माईकवाला भारी रंगात आला होता. "सोलापूरचा हेडरचा बादशहा! ज्यांच्या डोक्यात फुटबॉलशिवाय दुसरं काही नव्हतं, असे आपले अप्पा!" लोक हसले. साहेबही हसले. माझ्या शेजारी बसवेश टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मनात म्हटलं, झालं एकदाचं, आता घरी.

साहेबांनी भाषणात सांगितलं, की नव्या पिढीने अप्पांसारखं डोकं वापरायला शिकलं पाहिजे. मग ते थांबले, खाली मैदानाकडे पाहून म्हणाले, "अरे, पण अप्पांचा हेडर बघितल्याशिवाय उद्घाटन कसलं?"

मांडवभर शिट्ट्या झाल्या. मी अभिमन्यूकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कॅमेरेवाला मात्र आधीच खाली मैदानात जाऊन, गुडघा टेकून, जागा धरून बसला होता. म्हणजे कॅन्सल काहीच झालेलं नव्हतं.

दोघांनी अप्पांना दंडाला धरून स्टेजवरून खाली आणलं. एकाने फेटा उतरवला. मी उठले तशी बसवेशने माझा पदर धरला.

"अक्का, बस ना. सगळे बघलालेत."

"बघू देत."

"आता काय करणार? साहेबांचा शब्द हाय."

"आणि अव्वाच्या फोटोपुढं तू दिलेला?"

त्याने पदर सोडला.

मी त्या प्लास्टिकच्या गवतावर आले तेव्हा अभिमन्यू आडवा आला. "ताई, एकच. साहेबांची इच्छा हाय. अप्पांनापण बरं वाटंल, बघा की कसे खूश हायेत."

"फोनवर काय ठरलं होतं?"

"ताई, मान हाय हा."

"तुमच्या वडलांच्या डोक्यावर टाका की मग. त्यांना द्या मान."

त्याचा चेहरा बदलला, पण माईक जवळ होता म्हणून तो हसला. तोवर साहेबांनी चेंडू हातात घेतला होता. पलीकडे अप्पा एकटे उभे होते, खांद्यावर शाल.

मला कबूल केलं पाहिजे, की क्षणभर मीही बघतच राहिले. ज्या माणसाला सकाळी सदऱ्याची बाही सापडत नाही, त्याने चेंडू दिसताच शाल खांद्यावरून सोडून दिली. पाठ सरळ झाली. एक पाय मागे गेला, मान ताठ झाली, डोळे उघडे, चेंडूवर. सगळं विसरलेल्या त्या शरीरात वस्तादांचं शिकवणं तसंच्या तसं शाबूत होतं. माझे वडील मला इतके देखणे कधी दिसले नव्हते. आणि त्याच क्षणी मला अव्वा दिसली, न्हाणीत तोंडात पदर कोंबून रडणारी.

साहेबांनी चेंडू उंच फेकला. हळू वगैरे काही नाही; लोक बघत होते, त्यांनाही जोर चढला होता. चेंडू दिव्यांच्या उजेडात वर चढला आणि खाली यायला लागला. अप्पांच्या टाचा उचलल्या गेल्या.

मी धावले. साडी नेसलेली, साठीला टेकलेली मास्तरीण, कशी धावले मला माहीत नाही. अप्पांच्या कपाळापुढे हात घातले आणि चेंडू धरला. दोन्ही हातांनी, छातीशी.

मला वाटलं, आता कुणीतरी मला ओढून बाहेर काढणार. मी तयारच होते. साहेबांना, अभिमन्यूला, माईकवाल्याला, सगळ्यांना काय सुनवायचं ते ओठांवर आलं होतं.

"हात लावला!"

ओरडले ते अप्पा. त्यांचा हात उंच वर गेला होता आणि ते गर्दीत कुणाला तरी शोधत होते.

"रेफ्री! ओ रेफ्री! हात लावला की हिनं! बगितला का न्हाई?"

आधी एक जण हसला. मग सगळं मैदान हसायला लागलं. माईकवाला ओरडला, "बघा, बघा! अजून नियम पाठ हायेत आपल्या बादशहाला!" टाळ्यांचा नुसता पाऊस. साहेब पोट धरून हसत होते. मी जे बोलणार होते, ते त्या टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं असतं?

अप्पा माझ्याकडे आले. कित्येक महिन्यांनी त्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं. त्या नजरेत नुसता संताप होता.

"खेळता येत न्हाय तर मैदानात कशाला आलीस? कुठल्या टीमची हाईस तू?"

"अप्पा, मी—"

"आण तो चेंडू."

त्यांनी तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. मला वाटलं, आता डोक्यावर घेणार; मी पुन्हा हात पुढे केले. पण त्यांनी तो खाली ठेवला. नीट, जागेवर. कंबर वाकत नव्हती तरी वाकून ठेवला. मग शेजारी उभे राहिले आणि शिट्टीची वाट बघायला लागले. फ्री किक त्यांची होती, आणि ती मारताना समोरच्या टीमने लांब उभं राहायचं असतं.

"चुकलं, अप्पा," मी म्हटलं. "परत न्हाय लावणार हात."

"मागं हो."

मी मागे सरकले. बसवेश धावत येत होता, त्याने पडलेली शाल उचलली होती. साहेब गाडीकडे निघाले तशी गर्दीही त्यांच्या मागे निघाली. कॅमेरा अजून चालू होता.

अप्पांनी हाताने मला खूण केली.

"अजून मागं."

मी आणखी मागे गेले.

"अजून," ते म्हणाले.